काकूंची सवत

मित्रांनो, माझ्याजवळ येणार असाल तर पँटची चेन, लोखंडी बक्कल, केसांतल्या पिना असलं सगळं आधी काढून ठेवा. मी एक जुना मॅग्नेटोमीटर आहे आणि लोखंडाच्या बाबतीत भारी सोवळा आहे.

दिसायला मी म्हणजे एक लांब नळी आणि तिला धरायला मूठ. मला जमिनीपासून वीतभर वर धरून चालायचं, की खाली काय पुरलंय ते मी ओळखतो. लोखंडाचा खिळा असला तर तो नुसता आरडाओरडा करतो. भाजलेली माती मात्र हळू बोलते. माती कडक भाजून निवली की तिच्यात एक चुंबकी खूण राहते, ती वर्षानुवर्षं पुसत नाही. तिचं हळू बोलणं मला फार आवडतं.

माझं सगळं आयुष्य पुरातत्त्व खात्यातल्या दोरीकाकांच्या हातात गेलं. चालायच्या रेघा आखायला शेतात दोऱ्या इतक्या सरळ ताणायचे, की सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. मी ठरावीक वेळाने 'टिक' करायचो, त्या ठेक्यावर ते पाऊल टाकायचे. आम्ही बुजलेले खंदक शोधले, कुंभारांच्या जुन्या भट्ट्या शोधल्या. एकदा वर्तमानपत्रात आमचा फोटोही आला. त्यात काका पूर्ण होते आणि मी अर्धाच, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

काकू मला सवत म्हणायच्या. माझ्यासाठी त्यांना काकांच्या प्रत्येक पँटची चेन उसवून नाडी घालावी लागे. "माझ्यापेक्षा हिचेच लाड जास्त," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

पुढे काकांना कमी ऐकू येऊ लागलं. कानात यंत्र आलं आणि त्यात इवलंसं चुंबक! ते लावून मला धरता येईना, काढलं तर माझी टिक ऐकू येईना. ऑफिसात चाकांचं नवं यंत्र आलं. मला गोधडीत गुंडाळून काकांच्या घरी माळ्यावर टाकलं. सेल तसेच पोटात राहिले आणि गळले. फार वाईट दिवस होते ते.

मग एक दिवस काकूंनीच मला खाली काढलं. युद्धाच्या काळातल्या जुन्या विमानतळावर आता गोदाम होणार होतं. तिथल्या भटारखान्यात काकूंचे वडील वैमानिकांसाठी पाव भाजायचे. लहानपणी भट्टीच्या कोमट भिंतीला पाठ टेकून काकू झोपी जायच्या. युद्ध संपलं, सगळं पाडलं गेलं आणि वर झुडपं माजली. "पाया भरायच्या आधी एकदा त्या जागेवर बसायचंय मला," एवढंच काकूंचं म्हणणं होतं.

चाकांचं यंत्र झुडपांत शिरेना. बांधकामाआधी तिथली पाहणी करणारी तरुण संशोधिका काकूंना म्हणाली, "काकू, भट्टी सापडली तर तेवढी जागा मोकळी सोडायला गोदामवाले तयार आहेत. पण नुसत्या आठवणीवर नाही थांबणार ते. उद्या पायाचं खोदकाम आहे."

काकूंनी गळलेल्या सेलचा माझ्या पोटातला चिकटा लिंबाने घासून काढला, नवे सेल घातले. कोयत्याने वाट केली. काकांनी कानातलं यंत्र डबीत ठेवलं, मला उचललं आणि चालू लागले. पण ठेका ऐकू येत नव्हता. कधी पाऊल आधी पडे, कधी उशिरा. संगणकावर चित्र आलं ते करवतीच्या दातांसारखं, काहीच कळेना. काकांचा चेहरा पडला.

तेव्हा काकूंनी केसांतल्या पिना उपसून संशोधिकेच्या हातात दिल्या. त्या आमच्या चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि खुणेने काकांना म्हणाल्या, "माझ्या टाचांकडे बघा फक्त!" माझी टिक त्या ऐकायच्या आणि पाऊल टाकायच्या. ते बघून काका पाऊल टाकायचे. असे आम्ही तिघं दुपारभर चाललो. खिळे, तारा, पत्रे सगळीकडून ओरडत होते. आणि मग एका कोपऱ्यात मला ते हळू बोलणं ऐकू आलं.

या वेळी चित्रात लोखंडाच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांमध्ये एक शांत, गोल डाग उमटला. "काकू, ही भाजलेली वीट आहे!" संशोधिका ओरडली. तिने फोन करून दुसऱ्या दिवशीचं खोदकाम थांबवलं.

काकू त्या जागेवर जाऊन बसल्या. मातीवर तळवा टेकवला. मग त्यांनी काकांच्या हातातून मला मांडीवर घेतलं, पहिल्यांदाच, आणि हळूच म्हणाल्या, "जन्मभर तुझा राग राग केला गं मी. आणि माझ्या बाबांपाशी तूच आणलंस मला."

कानातलं यंत्र अजून डबीतच होतं. "अं? काय म्हणालीस?" काकांनी विचारलं.

"काही नाही!" डोळे पुसत काकू मोठ्याने म्हणाल्या. "हिचे सेल काढा म्हटलं आधी!"

मित्रांनो, जुनं यंत्र ठेवून देताना त्यातले सेल नक्की काढा. आणि घरातलं म्हातारं माणूस एखादी जागा दाखवायची म्हणत असेल, तर तिथे पाया भरला जाण्याआधी एकदा त्याच्याबरोबर चालून या.