सुईच्या भोकातला सूर्य

“काढा आधी ते गॉगल! एकावर एक दोन चढवले म्हणून सूर्य काय तुम्हाला घाबरणार आहे?”

शिवणबाई हातातल्या कात्रीसकट दुकानाच्या पायरीवर आली होती. समोर शेजारचा औषधवाला, नाकावर दोन काळे चष्मे लावून, मान वर करायच्या बेतात. औषधं विकणाऱ्या माणसानं तरी असला पोरकटपणा करू नये. पण ग्रहण म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

“अहो बाई, यातून सगळं काळंकुट्ट दिसतंय.”

“म्हणूनच धोका! काळोख दिसला की डोळा आणखी उघडतो आणि आतला पडदा भाजून निघतो. आणि दुखत काही नाही हं. कळतं ते दुसऱ्या दिवशी.”

औषधवाल्यानं निमूटपणे दोन्ही चष्मे खिशात घातले. शिवणबाईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं.

हे ज्ञान तिला फुकट मिळालं नव्हतं. ती शाळकरी पोर असताना असंच ग्रहण लागलं होतं. बाबांनी मोठ्या हौसेनं काचेच्या तुकड्याला दिव्याची काजळी धरून दिली. डावा डोळा मिटून ती उजव्यानं बघत राहिली. बाबा मधूनमधून विचारत होते, “दुखत नाही ना गं?” आणि ती खरं तेच सांगत होती, “नाही.” डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही, हे त्या बापलेकीला कुठून ठाऊक असणार! दुसऱ्या दिवशी शाळेत फळ्यावर मधोमध एक करडा डाग दिसला. तो आजतागायत हललेला नाही. उजव्या डोळ्यानं माणसाकडे पाहिलं की तिला कान दिसतात, केस दिसतात, चेहरा तेवढा दिसत नाही.

तिनं ते केव्हाच मागे टाकलं. डाव्या डोळ्याच्या जिवावर दुकान उभं केलं आणि असा सरळ टाका घातला की दोन डोळेवाल्यांनी हेवा करावा. बाबांना मात्र ते मागे टाकता आलं नाही. तेव्हापासून त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे धड पाहिलं नाही. बोलायचे ते तिच्या हातांकडे बघून. आणि रोज सकाळी तिच्या सगळ्या सुया ओवून सुयांच्या छोट्या उशीवर टोचून ठेवायचे, त्या एका डोळ्याला शीण नको म्हणून. आता त्यांच्याच नजरेची बोंब होती. दोरा सुईच्या शेजारून जायचा आणि यांना वाटायचं, ओवला. शिवणबाई गुपचूप पुन्हा ओवून घ्यायची आणि वर म्हणायची, “वा बाबा, आज लवकर आटपलं!”

दुकानात काजं करायला येणारी बाई, काजवाली, आतून सांगत आली, “ताई, आजोबांनी मागच्या खोलीच्या खिडक्या लावल्या. तुम्हालाही आत या म्हणतायत.”

“म्हणू देत.” शिवणबाईनं कॉलरचा पांढरा पुठ्ठा उचलला, मधोमध बारीक सुई टोचली आणि भोक उजेडाला धरून बघितलं. स्वच्छ, गोल. बाबांच्या वयाकडे बघता पुढचं ग्रहण काही त्यांच्या वाट्याला येणार नव्हतं. आज ते बाहेर आले नाहीत तर छातीवरचं ते ओझं घेऊनच जायचे, आणि ते तिला मुळीच चालणार नव्हतं.

बाबा अंधारात पलंगाच्या कडेला बसले होते.

“उठा बाबा. अंगणात चला.”

“वेड लागलंय का तुला? एकच डोळा राहिलाय.”

“सूर्याकडे कुणी बघायचंच नाहीये. पाठ करून उभं राहायचं. पुठ्ठ्याच्या भोकातून ऊन जातं आणि समोर भिंतीवर सूर्य पडतो. आपण भिंत बघायची.”

“काही होत नाही, असं तेव्हा मीही म्हणालो होतो.”

शिवणबाईनं पुठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. “तेव्हा काच तुम्ही दिली होती ना? मग आज हा पुठ्ठाही तुम्हीच धरायचा. तुम्ही धरला नाही तर मी बघणार नाही. बसू दोघंही अंधारात.”

बाबा बराच वेळ पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. मग उठले.

अंगणातल्या भिंतीवर तिनं पांढरं अस्तराचं कापड टाचलं. दोघं उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. काजवालीनं ग्रहणासाठीचा तपासलेला खास चष्मा आणला होता, ज्यातून सूर्याशिवाय काहीच दिसत नाही असा. पण तोही कपाळावर चढवून ती यांच्या शेजारी येऊन थांबली. बाबांनी पुठ्ठा खांद्यावर धरला.

“आजोबा, सूर्य नाचायला लागला की!” काजवाली खुदकन हसली.

बाबांनी दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. नाचणं थांबलं. कापडावर कोटाच्या बटणाएवढा सूर्य उभा राहिला, एका बाजूनं कुरतडलेला. बघता बघता तो अर्धा झाला, मग बारीक कोर झाला. अंगणातलं ऊन फिकं पडलं.

शिवणबाईनं भिंतीजवळ जाऊन कापडावर तळहात ठेवला. कोर तिच्या हातावर आली. तिनं वळून बाबांकडे पाहिलं, पण त्यांच्या पाठीमागे सूर्य होता म्हणून डोळे खाली ठेवून, फक्त त्यांच्या छातीपर्यंत. “दुखत...” बाबांनी सुरुवात केली. काय विचारायचंय ते तिला माहीत होतं.

“नाही दुखत, बाबा,” ती म्हणाली. “आज खरंच नाही.”

ऊन परतल्यावर ती मशीनवर बसली. बाबा तिच्या शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांनी उशीवरची एक सुई काढली, दोरा तोंडात धरून ओला केला, एकदा प्रयत्न केला. दोरा शेजारून गेला. पुन्हा केला. मग त्यांनी सुई आणि दोरा तिच्यापुढे धरला.

“मला नाही दिसत आता. रोज तूच ओवतेस, ठाऊक आहे मला.”

शिवणबाईनं सुई उजेडाला धरली आणि एका झटक्यात दोरा पार केला. बाबा तिच्या हातांकडे बघत नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आधी डाव्या डोळ्याकडे, मग उजव्याकडे.

“आईसारखे आहेत तुझे डोळे,” ते म्हणाले.

तिनं दुसरी सुई उचलली.