काठीचा शब्द

नदीवरचा नवा पूल खुला झाला ते साल अठ्ठावन्न. पलीकडच्या काठाची गिऱ्हाइकंही आता चालत येऊ लागली, आणि रंगारणीच्या दुकानाला त्या साली मान वर करायला फुरसत उरली नाही.

दुकान लहानसंच. पुढे काउंटर, मागे दार नसलेली चौकट आणि चौकटीपलीकडे रंगाची खोली. काउंटर म्हणजे एकच लांबलचक फळी. तिचं मागचं टोक चौकटीतून आत जाऊन निळा रंग उकळायच्या तांब्याच्या हंड्याला भिडलेलं. कपडा घेतला की फळीवरून आत सरकवायचा. हे डोकं धाकट्या भावाचं. बोलणंही सगळं त्याचंच, म्हणून गल्लीत त्याचं नाव पडलं होतं पोपट.

रंगारीण मितभाषी. आई गेली तेव्हा पोपट रांगत होता. त्याला एका कडेवर आणि चूल दुसऱ्या हाताला, अशी ती मोठी झाली. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. गिऱ्हाइकांशी बोलायचं म्हटलं की तिच्या घशाला कोरड पडे. म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. पोपटाने कपडा उंच धरून दाखवायचा, आणि तिने आतून ढवळायची काठी हंड्यावर वाजवायची. एकदा वाजली की घेतला, दोनदा वाजली की नाही जमणार. अख्ख्या वस्तीला हे ठाऊक होतं. पोपट कितीही गोड बोलला तरी बायका म्हणत, "ते राहू दे. काठी काय म्हणते?"

"बघ ताई," पोपट म्हणे, "राबतो मी, आणि मान काठीला."

जुन्या रेशमाचा नियम मात्र वेगळा. जुनं रेशीम वरून झुळझुळीत दिसतं आणि आतून विरलेलं असतं. ते आलं की रंगारीण हात पुसून स्वतः बाहेर येई, आतल्या शिवणीतला धागा ओढून बघे, आणि मगच आत जाऊन काठी वाजवी.

त्या दिवशी सुईणबाई आल्या. निम्मी वस्ती त्यांच्या हातांत जन्मलेली, पोपटसुद्धा. आता थकल्या होत्या आणि कान पार गेले होते. बरोबर एक गाठोडं होतं. त्यात त्यांच्या लेकीचा लग्नातला रेशमी पोशाख. लेक तापाने गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. आता नातीचं लग्न ठरलं होतं.

"पिवळा पडलाय," त्या काउंटरवर हात टेकून म्हणाल्या. "गडद निळा करून दे. पोरगी म्हणते, आईचाच घालीन."

"निळा शोभेल हो," पोपट त्यांच्या कानाशी ओरडला.

"ओरडू नकोस. तू जन्मलास तेव्हाही असाच ओरडला होतास. त्यात पायाळू."

पोपट हसला आणि त्याने पोशाख उंच धरला. "ताई, रेशीम आहे. जुनं."

आत निळा रंग अगदी तळाला लागायला आला होता. ढवळणं थांबलं असतं तर हंडाभर माल वाया गेला असता. तिने मान वळवली नाही. काठी हंड्यावर एकदा वाजवली.

पोपटाने चौकटीतून आत डोकावलं. "बघून घेतेस ना?"

काठी पुन्हा रंगात गेली होती. त्याने सुईणबाईंकडे बघून मान डोलावली. "झालं काम. काही होणार नाही त्याला, शब्द दिला."

पोशाख रंगातून वर आला तो काठीवर लोंबणाऱ्या चिंध्या होऊन. एक बाही तेवढी धड राहिली होती.

सुईणबाई रडल्या नाहीत. चिंध्या मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या. "कुणाची चूक ही?" त्यांनी विचारलं. पोपटाने बहिणीकडे पाहिलं. रंगारणीच्या घशाला कोरड पडली होती. सुईणबाई उठल्या, आणि पुढे जावयाने दुकानावर दावा लावला.

दुकानाचा वकील जाडजूड माणूस होता, पण बोले मोजकं. "मालकाच्या माणसाने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द म्हणजे मालकाचाच शब्द. आत तुमचं काय ठरलं होतं ते बाहेरच्या माणसाला कसं कळणार? सांडपाणी कुणीही ओतलं तरी दार तुमचंच."

"मग संपलंच की," पोपट म्हणाला.

"थांबा. तुमचं प्रकरण निराळं आहे. काठी वाजल्याशिवाय तुमच्या शब्दाला किंमत नाही, हे सुईणबाईंनाही ठाऊक होतं. म्हणजे प्रश्न एकच. वाजली असेल तर दुकान जबाबदार. नसेल, तर ती वाजल्याचं खोटंच सांगणारा माणूस एकटा जबाबदार." त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बाईंना ऐकू येत नाही. तेव्हा ते तुम्हा दोघांनाच ठाऊक."

घरी परतताना दोघं पुलावर थांबली. खाली पाणी संथ होतं.

"माझ्या जिभेला हाड नाही हे गावाला ठाऊक आहे," पोपट म्हणाला. "एक खोटं आणखी खपेल. काठी खोटी ठरली तर उद्या चिंधीसुद्धा कुणी आणून देणार नाही."

"असं नको बोलूस."

"मग तू बोल."

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो म्हणाला, "चल, पोळ्या करायच्यात," आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन पुढे निघाला.

कोर्टात पोपट पहिल्यांदाच हळू बोलला. "काठी वाजली नव्हती. वाजली असं दाखवून मी मान डोलावली. चूक माझी." मग सुईणबाईंकडे वळून त्याने हात जोडले. "आजी, चुकलं माझं."

सुईणबाईंना वकिलाने मोठ्याने विचारलं, "काठीचा आवाज तुम्हाला ऐकू आला होता का?"

"नाही. ऐकू नाही आला."

मग रंगारीण उभी राहिली. तिच्या नखांतला निळा रंग साबणाने गेला नव्हता. मूठ मिटून तिने तो लपवला. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही काठी वाजवली होती का?"

पोपट जमिनीकडे बघत होता. लहानपणी भांडं फोडलं की तो असाच बघे, आणि ती आईच्या फोटोसमोर म्हणे, माझ्या हातून फुटलं.

"तो म्हणतो तसंच," रंगारीण म्हणाली.

दुकान सुटलं. भरपाई पोपटाच्या बोकांडी बसली. दोघांनाही वाटलं होतं, चार दिवसांत लोक विसरतील. पण काठीचं नाव घेऊन खोटं बोललेला माणूस काउंटरवर दिसला की बायका गाठोडं न सोडताच परत जात. एका सकाळी त्याने आपला डबा भरला, तिच्यासाठी चुलीवर चहा ठेवला आणि तो गेला.

त्याला कुठल्याच दुकानाने काउंटरवर उभं केलं नाही. दूरच्या शहरात साबणाच्या कारखान्यात तो पेट्या उचलायला लागला. ती भेटायला गेली तेव्हा त्याने हसून स्टूल पुसलं आणि म्हटलं, "बसा, मालकीणबाई." टोमणा नव्हता त्यात. तेच तिला जास्त लागलं. ताई म्हणून त्याने तिला पुन्हा कधी हाक मारली नाही. बोलणंही त्याचं पुढे कमी होत गेलं. कारखान्यातल्या लोकांना सांगूनही पटलं नसतं की या माणसाला कधी पोपट म्हणत. छातीच्या दुखण्याने तो पन्नाशीच्या आतच गेला.

नातीचं लग्न साध्या सुती पोशाखात झालं. उरलेल्या बाहीचं तिने आपल्या पहिल्या बाळासाठी टोपडं शिवलं. वकील पुढे न्यायाधीश झाला.

सुईणबाईंचं अखेरचं दुखणं चालू होतं तेव्हा रंगारीण त्यांच्याकडे गेली. पोपट तेव्हा हयात होता. म्हातारीने तिचा हात पलंगाच्या लाकडी कडेवर ठेवला आणि दुसऱ्या टोकाला आपल्या बोटाने एकदा टिचकी मारली.

"कळलं?"

रंगारणीच्या तळव्याला कळलं.

"तशीच तुझी फळी थरथरली होती. माझा हात होता तिच्यावर."

"मग तिथे का नाही बोललात?" ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

"मला विचारलं, ऐकू आलं का. नव्हतं आलं. आणि मला भरपाई कुठे हवी होती? कुणीतरी चुकलं म्हणावं एवढंच हवं होतं. पोराने म्हटलं. तू उभी राहिलीस तेव्हा वाटलं, आता ही म्हणेल." त्यांनी डोळे मिटले. "पायाळू होता गं. फार कष्टाने आणला होता त्याला."

रंगारीण त्यानंतर बरीच वर्षं जगली. काउंटरवर माणसं येत गेली, जात गेली. काठीवर मात्र तिने कापड गुंडाळलं होतं. हो किंवा नाही सांगायला ती स्वतः बाहेर येई, फळीवर हात टेकून उभी राही आणि कोरड्या घशाने बोले. गिऱ्हाइकं म्हणत, म्हातारी कपडा घ्यायला फार वेळ लावते.