कण्हेरीवरची कोळीण

सकाळी आठ वाजता सुरतच्या डिंडोलीत हेमराजच्या बायकोने, पुष्पाबाईने, दारातल्या कण्हेरीवर झाडू उगारला आणि हेमराज आडवा आला. जाळ्याच्या मधोमध पिवळ्या-रुपेरी पट्ट्यांची कोळीण डोकं खाली, पायांची फुली करून बसली होती. फुलीलगत तिने पांढरी नागमोडी वीण घातली होती. लूमवर कापड विणण्यात आयुष्य गेलेल्या हेमराजला ती वीण मोडवेना.

"अहो, संध्याकाळी आपल्या वर्षाला पाहायला पाहुणे येतीन. जाळं बघून काय म्हणतीन?"

"म्हणतीन, घरात एक तरी कामाचं आहे."

"मग तिचंच लग्न लावा!"

"नको बाई. ती नवऱ्याला खाऊन टाकते."

पुष्पाबाई हसली, झाडू खाली आला.

संध्याकाळी मुलाची आई जाळ्यापाशी बराच वेळ थांबली. होकार की नकार, अजून कळलेलं नाही.