कर्टचा साचा

व्हर्लिनने मेणाचा तुकडा वितळलेल्या शिशात टाकला. धूर उठला, त्यावर पिवळी ज्योत नाचली आणि विझली. तो काठीने ढवळत राहिला. मळ वर आला तसा त्याने तो जुन्या चमच्याने काढून डब्यात झटकला. मग पळी भरून साच्याच्या तोंडात ओतली, क्षणभर थांबला आणि लाकडी दांडक्याने वरची पट्टी ठोकली. साचा उघडताच गोळी जुन्या टॉवेलवर पडली. बुडाला पोकळी, अंगावर तीन चर. चांदीसारखी चकाकणारी ती गोळी पाहता पाहता राखाडी झाली.

गॅरेजच्या दाराशी लोवेल फंकहाउझर पालथ्या बादलीवर बसला होता. तो संघाचा कप्तान. अमेरिकेच्या जुन्या यादवी युद्धातल्या बंदुकांच्या नकला घेऊन त्यांचा संघ दर वसंतात नेमबाजीच्या सामन्याला उतरायचा. बंदुका तोंडाकडून भरायच्या, दारू आणि गोळी हाताने.

"आठ माणसं लागतात," लोवेल म्हणाला. "सात जणांना रेषेवर उभंसुद्धा राहू देत नाहीत."

"माहीत आहे."

"जोलिन तयार आहे. तिचा नेम तुझ्यापेक्षा बरा आहे. माझ्यापेक्षा म्हणशील, तर आमच्या कुत्र्याचाही बरा असेल."

व्हर्लिन हसला नाही. त्याने पुढची गोळी ओतली.

"मग दे तिला कुणाचीतरी बंदूक."

"कुणाचीतरी कशाला? कर्टची आहे ना त्या कपाटात. सरावाला ती तीच उचलायची. तिचा खांदा त्या बंदुकीलाच सरावलाय."

"त्या बंदुकीच्या गोळ्या नाहीत."

मागच्या खेपेला व्हर्लिन म्हणाला होता की बंदुकीच्या घोड्याची स्प्रिंग ढिली झाली आहे. त्याच्या आधी म्हणाला होता की नळी साफ करायची राहिली आहे. स्प्रिंग घट्ट होती आणि नळी स्वच्छ होती, हे लोवेलला ठाऊक होते.

कर्ट हा व्हर्लिनचा एकुलता एक मुलगा. फेब्रुवारीत बर्फावर त्याचा ट्रक घसरला आणि पुलाच्या कठड्यावर आदळला. तेव्हापासून व्हर्लिन जेवत होता, झोपत होता, कोंबड्यांना दाणे टाकत होता. अंत्यविधीला आलेल्या माणसांना तो "बसा, बसा" म्हणत होता. रडणाऱ्या बायकांना त्यानेच कॉफी ओतून दिली होती. काही दुखत नव्हते. हातमोजे घालून जगाला हात लावावा, तसे सगळे लागत होते.

पळी कलली आणि शिशाचा एक थेंब हातमोज्याच्या वर, त्याच्या मनगटावर पडला.

"अरे, हात!" लोवेल ओरडला.

व्हर्लिनने मनगटाकडे पाहिले. थेंब झटकला. कातडीवर पांढरा ठिपका उमटला होता. त्याने पळी पुन्हा भरली.

"शुद्ध शिसं आहे," तो म्हणाला. "चर्चच्या जुन्या नळाचं."

"मी शिशाचं विचारलं का, म्हाताऱ्या?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. जोलिन आत आली. कर्टची बायको. अंगात कर्टचेच जाकीट, हातात फडक्यात बांधलेले हॅम-बिस्किट, मांस भरलेला मऊ पाव.

"पप्पा, खाऊन घ्या. लोवेल, तुमच्यासाठी नाहीये."

"मी मागितलं का? मी फक्त वासाकडे बघतोय."

तिने फडके बाकावर ठेवले आणि टॉवेलवरच्या गोळ्यांकडे पाहिले. एक उचलून बोटांत फिरवली. मग तिची नजर व्हर्लिनच्या हातातल्या साच्यावर गेली. साच्याच्या एका मुठीचे लाकूड काळे पडले होते. कर्टने एकदा तो शेगडीवर विसरून फोनवर गप्पा मारल्या होत्या, त्या दिवसाची खूण.

तिने हातातली गोळी सावकाश टॉवेलवर ठेवली. लोवेलच्या काही लक्षात आले नव्हते. तो उठला आणि पाय मोकळे करत भिंतीजवळ गेला. तिथे व्हर्लिनची बंदूक टेकवून ठेवली होती.

"बघू तरी, यंदा कशा झाल्यात," म्हणत त्याने टॉवेलवरून एक गोळी घेतली आणि नळीच्या तोंडात ठेवली.

गोळी आत उतरली नाही. त्याने अंगठ्याने दाबली. ती टोकाशीच अडून राहिली, बाटलीत न बसणाऱ्या बुचासारखी.

लोवेलने गोळी काढली. दुसरी लावून पाहिली. तीही अडली. व्हर्लिनच्या आणि कर्टच्या बंदुकांच्या नळ्यांत केसाएवढा फरक होता, म्हणून साचे दोन होते. एक जवळच्या खिळ्याला, एक लांबच्या. लांबचा साचा अजून खिळ्यावरच होता. त्याच्या मुठी दोन्ही पिवळ्या, धड.

लोवेलने व्हर्लिनकडे पाहिले, मग जोलिनकडे. त्याने गोळ्या टॉवेलवर जागच्या जागी ठेवल्या.

"मी जरा ट्रकमध्ये बसतो," तो म्हणाला आणि निघून गेला. जाता जाता त्याने बिस्किटही घेतले नाही.

शिसे भांड्यात शांत होते. चुकीच्या गोळ्या कुठे जातात, ते दोघांनाही ठाऊक होते: परत भांड्यात. जोलिनने टॉवेलची टोके धरली.

"वितळवून टाकू का, पप्पा?"

व्हर्लिन हातातल्या साच्याकडे पाहत राहिला. मुठीचा जळका भाग त्याने अंगठ्याने चोळला. हातमोज्याला काळे लागले. मग त्याने साचा बाकावर ठेवला, शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडले.

कर्टची बंदूक त्याने दोन्ही हातांनी बाहेर आणली. दट्ट्या आत घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. टॉवेलवरची एक गोळी नळीच्या तोंडात ठेवली. अंगठ्याने नुसते टेकवताच ती सरकून आत गेली. त्याने बंदूक हळूच उलटी केली. गोळी परत त्याच्या तळहातावर आली.

"बसते," तो म्हणाला.

"हो."

"खांद्याला घट्ट धर. ही जरा उजवीकडे मारते. कर्ट कधी मान्य करायचा नाही."

"मला म्हणायचा, तूच वाकडी उभी राहतेस."

व्हर्लिनने बंदूक तिच्या हातात दिली. ती घेऊन जोलिन तशीच उभी राहिली, नळी छताकडे करून, जशी धरायला शिकवली होती तशी.

मग तो लांबच्या खिळ्याकडे गेला आणि स्वतःचा साचा काढला. साचा गार होता. त्याने ज्योत वाढवली.

"पहिल्या काही सुरकुतलेल्या येतील," तो म्हणाला. "साचा तापेपर्यंत."

"त्या टाका परत भांड्यात. मी थांबते."

त्याने पळी उचलली, आणि लगेच खाली ठेवली. डाव्या हाताचा मोजा काढून त्याने मनगट उजेडात धरले. पांढऱ्या ठिपक्याभोवती लाल कडे चढले होते, मध्ये फोड आला होता.

"जोलिन," तो म्हणाला. "पोरी, जरा गार पाणी आण. खूप आग होतेय."