लसणाची बशी आणि साबणाची बशी

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या त्या गृहस्थांस सारे ‘काका’ म्हणत. घरी मात्र पन्नाशी उलटूनही थोरल्या बहिणीने ठेवलेले ‘छोट्या’ हेच नाव कायम होते. भांड्यांखेरीज लसूण सोलून ठेचण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. ठेचलेला लसूण ते दहा मिनिटे तसाच ठेवीत, कारण त्यातील तीव्र द्रव्य पाकळी चिरडल्यावाचून निर्माणच होत नाही. मग संशोधक मॅडम त्याचा अर्क बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर थेंबाथेंबाने सोडीत.

एके दिवशी मॅडमनी त्यांस सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. काल तळाला घट्ट चिकटलेल्या पेशी आज आक्रसून, सुटून तरंगत होत्या. काकांस थोरली बहीण, ताई, आठवली. तिच्या छातीतही कर्करोगाची गाठ होती. केमोची तीन इंजेक्शने झाली होती, तीन उरली होती. त्याच संध्याकाळी त्यांनी ते दृश्य तिखटमीठ लावून ताईस वर्णिले.

चौथ्या इंजेक्शनच्या दिवशी काका तिला न्यावयास गेले, तेव्हा ताई खुर्चीतून उठेचना.

“मी नाही येत. पोटात ढवळतं, केस गेले, चव गेली. आठवडाभर कच्चा लसूण खातेय, तेवढा पुरे. तूच म्हणालास ना, पटापट मरतात?”

“अगं, ते बशीत!”

“मग? पेशी त्याच ना?”

काकांनी घड्याळाकडे पाहिले. वेळ अकराची होती आणि दहा वाजून गेले होते. तेव्हा त्यांस एक गोष्ट आठवली, जी लज्जेपोटी त्यांनी घरी सांगितली नव्हती.

“ताई, गेल्या महिन्यात मी बश्या नीट विसळल्या नाहीत. साबण राहिला. तुलनेसाठी मॅडम काही बश्यांत लसणाचा थेंबही घालत नाहीत. त्यांतल्या पेशीसुद्धा मेल्या.”

“साबणानं?”

“साबणानं. मॅडम म्हणाल्या, काका, बशीत पेशी मारणं सोपं आहे. बाकीचा माणूस राखून मारणं अवघड. आता साबण खाशील का तू?”

ताईने त्यांच्याकडे रोखून पाहिले.

“म्हणजे तिथे बोलणी खाल्लीस, आणि इथे येऊन फुशारक्या मारल्यास.”

“हो.”

“आणि लसूण अगदीच खोटा?”

“खोटा नाही गं. माणसाच्या अंगात जाऊन तो काय करतो, ते मॅडमना अजून ठाऊक नाही. त्या शोधतायत.”

“शोधू देत. तोवर सुई टोचून घेते.” ताईने चपला ओढल्या. “पण लसणाचं डॉक्टरांना तू सांगायचं. तुझाच उद्योग आहे तो.”

रुग्णालयात काकांनी ते खाली मान घालून सांगितले. लसणाने रक्त पातळ होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी रक्तस्रावाविषयी दोन प्रश्न विचारले, ताईच्या कागदावर नोंद केली, लसूण थांबवण्यास सांगितले आणि रक्ताचा अहवाल पाहून इंजेक्शन सुरू केले.

“छोट्या, लांब बस जरा. तुझ्या हाताला लसणाचा वास मारतोय.”

“हात धुऊन आलोय मी. तुझ्याच तोंडाचा असेल.”

ताई इतकी हसली की सुईचा हात हलला आणि परिचारिका दोघांवरही ओरडली. काकांनी खुर्ची हातभर मागे सरकवली.