खालची अक्षरं

बटण अर्धंच होतं. चार भोकांपैकी दोन उरलेली, कडेला इस्त्रीची पिवळट झळ लागलेली. उरलेलं अर्धं कुठे गेलं म्हणून तिने शर्टाच्या खिशात पाहिलं, बाहीत पाहिलं, टेबलाखाली पाहिलं — आणि मग आपण काय शोधतोय हेच विसरल्यासारखी नुसती उभी राहिली. बटण चिमटीत, समोर वाफ. आठ महिने असंच चाललं होतं… एखादी गोष्ट हातात घ्यायची आणि ती हातातच राहायची. दुःख म्हणावं तर तेही नीट होत नव्हतं. नवरा गेलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या; त्या रडत, ताट सरकवत, मध्येच कुणाच्या गळ्यात पडत. ती मात्र दोन्ही वेळा जेवत होती, झोपत होती, सकाळी सातला लाँड्रीच्या दारात हजर असायची. तिसऱ्याच आठवड्यात कामावर आली तेव्हा मुकादमीण म्हणाली होती, ‘अहो, रजा आहे अजून तुमची,’ तर ही म्हणाली, ‘असू दे.’ पुढे लाँड्रीच्या माडीवर अक्षरओळखीचा वर्ग निघाला, त्यातही मुकादमिणीनेच तिचं नाव घातलं. तेव्हाही ती ‘असू दे’च म्हणाली होती.

“मावशी, चादरी!”

ही टकळी. हजेरीपटावर तिचं दुसरं काही नाव होतं, पण तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाही, म्हणून सगळ्यांनी टकळी करून टाकली होती आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. हॉटेलांच्या मोठ्या चादरींच्या घड्या घालायला दोघी लागतात. दोन टोकं एकीकडे, दोन दुसरीकडे; ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे. बोलणंही तसंच होतं — जवळ आल्यावर हळू, लांब गेल्यावर ओरडून.

“बघितला हो, तुम्ही सांगितलेला.”

“कोणता?”

“तो नाही का, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, मोठं घर, जिन्यावर रक्त…” टकळी मागे गेली, चादर ताणली आणि तिथून ओरडली, “डॉक्टरवाला!”

“हां. कसा वाटला?”

“झकास! पण त्यात डॉक्टर कुठाय?”

“पांढऱ्या कोटातला. बॅग घेऊन येतो तो.”

“तो?” टकळी चादरीसकट वाकून हसली. “अहो, न्हावी आहे तो! म्हाताऱ्याची दाढी करायला येतो घरी. बॅगेत वस्तरे असतात त्याच्या.”

“न्हावी,” ती म्हणाली.

“न्हावीच! आणि त्या बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं. सगळं त्या बहिणीचं. तुम्ही म्हणालात डॉक्टरवर नजर ठेव, तर मी आपली दोन तास न्हाव्यावर नजर ठेवून बसलेली! आमचे हे विचारतायत, कोण डॉक्टर, कुठला डॉक्टर… मी म्हटलं, गप बसा, मावशींनी सांगितलंय.”

खरं तर तिने तो सिनेमा अर्धाच पाहिला होता. पण सिनेमे सांगण्याचं काम तिच्याकडे कधीपासूनचं होतं. शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत कुणी ना कुणी विचारायचंच — मावशी, उद्या घरी कोणता लावू? आणि तिची मतं ठरलेली होती. घरी बघायचा थ्रिलर असा हवा की खून पहिल्या दहा मिनिटांत झाला पाहिजे, कारण पुढे उठून दूध तापवायचं असतं. पाठलागाचे टाळावेत, घरच्या पडद्यावर गाड्या काडेपेटीएवढ्या दिसतात. एकाच घरात घडणारा सगळ्यात चांगला — माणसं कमी, दारं जास्त. पोलीस फार हुशार असला तर मजा जाते. आणि ज्यात कुत्रा मरतो तो लावूच नये, माणसं कितीही मेली तरी चालतील. बायका हसायच्या. आता गेले आठ महिने तिने एकही पाहिला नव्हता, पण जुन्यावर भागत होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“राग मानू नका हं,” टकळी जवळ आली, टोकं तिच्या हातात देता देता आवाज खाली आणला. “पण तुमचं दर वेळी असंच असतं. मागे बायको म्हणालात, ती निघाली मुलगी. त्याच्या आधी तो आंधळा म्हणालात, त्याला माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं. आम्हाला आवडतं ते! एका तिकिटात दोन सिनेमे. आधी तुमचा ऐकायचा, मग खरा बघायचा.”

“सगळ्यांना माहीत आहे?”

“काय?”

“माझं चुकतं म्हणून.”

टकळी पहिल्यांदा थांबली. “चुकतं कुठे… वेगळं असतं तुमचं.”

वेगळं. तिने पुढची चादर उचलली. माझं कुठलं आलंय, ती मनात म्हणाली, मी तर ऐकलेलंच सांगते. रविवारी दुपारी पडदे ओढून हे खुर्चीत बसायचे, मी खाली भिंतीला टेकून, मांडीवर काहीतरी निवडायला घेतलेलं. सिनेमे सगळे परक्या भाषेतले, खाली आपल्या अक्षरांत लिहून यायचं, आणि हे वाचून दाखवायचे. बाईला बारीक आवाज, म्हाताऱ्याला घोगरा, पोलिसाला गोदामावरच्या त्यांच्या साहेबाचा, अगदी हुबेहूब. मी पडद्याकडे कमी बघायची, ह्यांच्याकडे जास्त… आणि कधी कधी पडद्यावरचा माणूस केव्हाच तोंड मिटून उभा असायचा तरी ह्यांचं चालूच असायचं. कधी तो मिनिटभर पोटतिडकीने बोलायचा आणि हे म्हणायचे, ‘हो म्हणतोय.’ ‘एवढं बोलून नुसतं हो?’ ‘अगं, त्यांच्या भाषेत हो फार लांब असतं.’ मी हसायची. तीस वर्षं हसले.

चादरीची घडी चुकली. तिने उलगडून पुन्हा घातली.

चहाच्या सुट्टीत ती मागच्या जिन्यावर गेली आणि मुलीला फोन लावला. मुलगी परगावी शाळेत शिकवायची. या वेळी तिचीही मधली सुट्टी असे.

“बाबांना वाचता यायचं ना गं?” तिने सरळच विचारलं.

पलीकडे पोरांचा गोंधळ ऐकू येत राहिला. मग एक दार लागल्याचा आवाज, मग शांतता.

“हे काय आत्ता मध्येच, आई?”

“सांग.”

“आकडे यायचे. बसचे नंबर, स्वतःची सही. बाकी नाही यायचं.”

“तुला कधी कळलं?”

“दुसरीत. मी एकदा गंमत म्हणून धडा भलताच वाचला, जे मनात येईल ते. बाबा म्हणाले, शाब्बास.” मुलगी जराशी हसली आणि लगेच थांबली. “माझं तोंड बघून त्यांना कळलं. मग शपथ घातली. म्हणाले, मुलगा शिकलेला आहे म्हणून तुझ्या आईच्या वडिलांनी लग्न करून दिलं होतं, आता एवढ्या वर्षांनी कशाला… मला वाटायचं तुलाही ठाऊक असणार. एका घरात राहून कसं नाही कळणार?”

“मला वाचता येत नव्हतं,” ती म्हणाली. “मला कशावरून कळणार?”

मुलीचा आवाज बदलला, शाळेतला झाला, पोरांना उभं करून विचारतात तसा. “आई. दवाखान्यातून सोडताना कागद दिला होता ना? तो कुणी वाचला?”

“ह्यांनी.”

“…कुठाय तो?”

“कोणाला ठाऊक. टाकला असेल.”

ती खोटं बोलली आणि आतमध्ये काहीच हललं नाही. कागद कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. कपाटात, वरच्या खणात, विजेच्या बिलांच्या खाली, तीन घड्यांचा. “मी यायला हवं होतं तेव्हा,” मुलगी म्हणत होती, आणि ती म्हणत होती, “परीक्षा होत्या ना तुझ्या शाळेत,” आणि घंटा झाली, दोघींपैकी नेमकी कुणाकडची ते कळलं नाही.

तीनला ती घरी आली. हातपाय धुतले, चहा ठेवला, प्यायली, कप विसळला. छातीत जड वाटतं म्हणून एक रात्र ठेवून घेतलं होतं त्यांना, दुसऱ्या दिवशी सोडलं. सोडताना नर्स म्हणाली होती, ‘आजोबा, सगळं लिहिलंय यात, नीट वाचा हं,’ आणि ते म्हणाले होते, ‘वाचतो ना.’ घरी येऊन याच खुर्चीत बसून त्यांनी कागद लांब धरला, डोळे डावीकडून उजवीकडे नेले, पुन्हा डावीकडे, एकेक ओळ खाली उतरत — किती सावकाश, किती नीट — आणि वाचून दाखवलं: ‘घाबरण्याचं कारण नाही. हलकं खावं. आठ दिवसांनी दाखवावं.’ आवाज डॉक्टरचा काढला होता. ती हसली होती. मग दोघांनी सिनेमा लावला होता, तोच, म्हाताऱ्याचा. अर्ध्यावर त्यांना झोप आली म्हणून थांबवला, उरलेला रविवारी बघू म्हणाले. रविवार यायच्या आत, पाचव्या दिवशी…

तो कागद तिने परत कधी काढला नव्हता. वर्ग सुरू झाला, अक्षरं लागायला लागली, दुकानांच्या पाट्या, बसवरची गावं, डब्यांवरची नावं असं दिसेल ते वाचत सुटली होती ती, पण तो कागद नाही. मुद्दाम नाही असंही नव्हतं. वाचून झालेला कागद पुन्हा कोण वाचतं?

तिने टीव्ही लावला. थांबवला होता तिथूनच पुढे बघायचं का, असं पडद्यावर लिहून आलं आणि ते तिला वाचता आलं. पांढऱ्या कोटातला माणूस आठ महिने त्याच जिन्यावर उभा होता, बॅग घेऊन. तो चालू लागला. खाली अक्षरं आली. ‘का…ल…’ ती ‘काल’पर्यंत पोचली आणि ओळ गेली. दुसरी आली, लांबलचक. तिने मधूनच पकडली, ‘बहीण’, एवढाच शब्द हाताला लागला आणि तीही गेली. बहिणीने काय? बहीण कुठे? तोवर बाई रडायला लागली होती, म्हातारा मान हलवत होता, आणि ती डोळे फाडून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटलेली, चेहरे बघायला फुरसतच नाही… मान अवघडली. दहा मिनिटांत तिला घाम आला. मग कधीतरी अक्षरं सोडून ती वर चेहऱ्यांकडे बघायला लागली, आणि खोलीत कुणीतरी बोलतंय असं तिला ऐकू आलं.

“मी तुला किती वेळा सांगितलं,” बारीक आवाजात. “त्या खोलीत जाऊ नकोस म्हणून.” मग घोगऱ्या आवाजात, “पण जावं तर लागणारच ना.”

तीच बोलत होती.

इतकं सोपं होतं तर. आणि इतकं कठीण. कारण पुढच्या चेहऱ्याला काय द्यावं ते तिला सुचेना आणि पडदा तर थांबत नव्हता. असं त्यांनी तीस वर्षं केलं, आख्खेच्या आख्खे सिनेमे, माझ्यासमोर, कपाळावरचा घाम दिसू न देता. कशासाठी? सांगितलं असतं तर मी काय केलं असतं… माहेरी गेले असते? दोघांनी मिळून नुसती चित्रं बघितली असती. आणि न्हावी तर न्हावी. पांढरा कोट दिसला म्हणून डॉक्टर ठरवलात, आणि डॉक्टर ठरवलात म्हणून तोच खुनी. आणि तो कागद, अहो, त्या कागदावर तर चित्रंही नव्हती. तिथे तुम्ही काय बघून ठरवलंत? नर्सचं तोंड? माझं?

तिने टीव्ही बंद केला. बहीण नेमकी कशी अडकते ते राहिलं. कपाट उघडून तिने बिलांखालून कागद काढला आणि त्या खुर्चीत, जिथे ती कधी बसत नसे, तिथे बसली. घड्या उलगडल्या. इथली अक्षरं पळत नव्हती. ती छापलेली, काळी, जागच्या जागी उभी होती आणि कितीही वेळ उभी राहिली असती. पहिल्या ओळीत त्यांचं नाव, ते तिला येत होतं. दुसऱ्या ओळीत वय, तारीख. तिसऱ्या ओळीपासून मजकूर. तिने बोट ठेवलं. वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, लांब शब्द आला की घाबरायचं नाही, तोडून वाचायचा.

“छा…ती…त,” ती म्हणाली. “छातीत पु…न्हा…”

बोट तिथेच थांबलं. पुढे एक लांब शब्द होता, त्याच्या पुढे आकडा, आणि आकडा तिने वाचायच्या आधीच दिसला होता, आकड्यांचं तसंच असतं. तो त्यांनी वाचून दाखवलेला आठ नव्हता. तिने डोळे उचलले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं. हे ठेवून द्यावं, उद्या मुलीला फोनवर सांगावं की नाहीच सापडला… किंवा वाचावं आणि कुणालाच सांगू नये. किंवा त्यांनी वाचलं तेच खरं धरावं. एवढे सिनेमे धरले, हा एक आणखी. बोट हलत नव्हतं. तळहात ओले झाले होते, कागदाचा कोपरा मऊ पडत चालला होता, आणि कानात काहीतरी धडधडत होतं. शेजारी कुणी भिंतीवर ठोकतंय असं वाटून तिने क्षणभर कान दिला, मग तिला कळलं की ते आतलंच आहे. आपण घाबरलोय. तिला ते ओळखायला वेळ लागला, इतक्या दिवसांनी आल्यामुळे. लहानपणी घर सोडून गेलेलं कुणी दारात उभं राहावं आणि चेहरा ओळखू येऊ नये, तशी ती भीती समोर उभी होती, आणि ती, खुर्चीत ताठ बसून, श्वास धरून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बघत होती.