उंबऱ्याबाहेरचं टेबल

या, जवळ सरका. कलिंगडाची फोड हातात घ्या आणि ऐका. आमच्या ज्युदेक्का बेटावर एक महामूर्ख होऊन गेला. होऊन गेला कसला, अजून आहे, तुकतुकीत आहे! पण गोष्ट त्याच्या लायकीची नाही. एका बाईच्या पायाशी लागून त्याचं नाव घ्यावं लागतं, एवढंच.

नाव फाउस्तो. आई पिठाच्या गिरणीत पोती शिवायची, सोन्यासारखी बाई. तिच्या पोटी हे रत्न. पलीकडे व्हेनिसच्या हॉटेलात दोन वर्षं लोकांची उष्टी ताटं उचलून आला आणि इथे खाणावळ काढून बसला. तेव्हापासून रस्त्याने आधी पोट यायचं, मग फाउस्तो. चर्चमध्ये पहिलं बाक याचं. कापुचिन पंथाचे बाबा प्रवचन गाऊ लागले, आमच्या डोळ्यांना धारा लागल्या, की हा घड्याळाला किल्ली द्यायचा.

जुलैत तारणहाराचा सण. प्लेग टळल्याचा नवस शहर अजून फेडतं. होड्या जोडून पूल बांधतात, पलीकडची माणसं त्यावरून पायी आमच्या चर्चला येतात. शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे धक्क्यावर टेबलं मांडून जेवतो. जागेचा नियम एकच: दोन दिवस आधी फरशीवर खडूने चौकट काढायची, आत नाव लिहायचं. नवरा-बायको काडीमोड घेतील, पण दुसऱ्याची चौकट कुणी पुसणार नाही.

माझी शेजारीण कातीनामावशी, ती बाई हीच; तिची चौकट तिच्या दारासमोर. त्या वर्षी तिने ती दोनदा गिरवली होती. तिचा मुलगा मोमोलो अकरा वर्षांनी येणार होता. बापाचा होड्यांचा कारखाना सोडून तो खाडीपलीकडे मार्गेराच्या गिरण्यांत गेला, तेव्हा बाप म्हणाला, "या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस," आणि पोराने तशी शपथच घेतली. बाप वारला तेव्हाही तो दफनभूमीवरूनच परत गेला. आता मासळीवाल्याबरोबर निरोप आला होता: 'घरात येणार नाही. दारासमोर आईचं टेबल असेल तर बसेन.'

शुक्रवारी सकाळी फाउस्तो बादली आणि खराटा घेऊन हजर.

"अरे, ती मावशीची चौकट!" मी दारातून ओरडले.

"काकू, चौकट कसली? चार रेघा. माझ्याकडे चोवीस परदेशी पाहुणे येतायत. शहराचं नाव व्हायला नको?"

"शहराचं नाव चारशे वर्षं आहे. तुझ्या खाणावळीवाचून अडलं नव्हतं."

कातीनामावशी बाहेर आली. "लेका, उद्या मोमोलो येतोय. तो इथेच बघेल."

"मग घरात बसवा की! घर नाही का तुम्हाला?"

त्या शपथेची गोष्ट बेटावरच्या मांजरांनाही ठाऊक होती. तरी तो हे बोलला, आणि खडू धुऊन काढून तिच्या नावाच्या जागी तैलरंगाने स्वतःचं नाव रंगवून गेला.

"आमच्या शेजारी मांड," आम्ही सगळ्या म्हणालो. मावशी मान हलवायची. "दुसऱ्याच्या दारात टेबल दिसलं तर म्हणेल, म्हातारीचं मन बदललं." दोघातिघांनी फाउस्तोची टेबलं कालव्यात ढकलायचा बेत केला. तिने तोही मोडला. "सणाच्या दिवशी नको रे. नवसाचं पाणी आहे ते."

शनिवारी त्याच्या टेबलांवर पांढऱ्या चादरी पसरल्या. रुमालांचे हंस झाले. गळ्यात बो बांधून फाउस्तोचाही हंस झाला. इतक्यात मावशी काळा झगा घालून, कांदा-शिरक्यातल्या तारळी माशांची थाळी घेऊन बाहेर आली आणि आपल्या दारासमोरच्या खुर्चीवर बसली.

"मावशी, उठा."

"बसले."

"ती जर्मन डॉक्टरांची खुर्ची आहे!"

"मग ते उभे राहतील. तरुण दिसतायत."

पाहुणे हसले, फोटो काढू लागले. झालं! या निर्लज्जाची जीभ फिरली. "ही आमची आजी! अस्सल ज्युदेक्काची!" म्हणत तो तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटोला उभा राहिला. मावशीने थाळी जवळ ओढली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. नाचवतात त्या अस्वलालासुद्धा कुणी आजी म्हणत नाही.

पुलावरून मोमोलो आला. धुतलेला सदरा, विरळ झालेले केस. पांढरी चादर पाहिली, बो पाहिला आणि जागीच थांबला.

"आई, तू यांच्या पंगतीला?"

"टेबल यांचं. जागा आपली, मासे माझ्या हातचे. बस."

"खुर्च्या सगळ्या लागल्यात हं," फाउस्तो मधेच म्हणाला.

मोमोलो वळला. दोन पावलं गेलासुद्धा.

तेव्हा मावशी थाळी घेऊन उठली आणि, आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं ते तिने केलं, थेट आपल्या उंबऱ्यावर जाऊन बसली. एक पाय आत, एक बाहेर. "ये. तू पायरीवर बस. तुझी शपथ तुझ्यापाशी. मी तर काही शपथ घेतली नव्हती ना?"

तो आला. तिच्या पायाशी बसला, बोटांनी मासा उचलला. बराच वेळ चावत राहिला.

"कांदा जास्त झालाय."

"तुझ्या बापालाही असंच वाटायचं."

दोघं हसली. मग दोघांनी तोंडं फिरवली, आणि आम्हीही.

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! फाउस्तोने कमरेत वाकून त्या स्वीकारल्या. "आमच्याकडची प्राचीन प्रथा आहे," त्याने सांगितलं, "सणाला आई उंबऱ्यावर बसून मुलाला मासे भरवते." पुढच्या वर्षी त्याने मेस्त्रेहून एक म्हातारी आणली, एका वाढप्याला तिचा मुलगा केला, आणि एक लाकडी उंबराही करवून घेतला. बिनघराचा उंबरा! लोक अजून ते बघायला येतात. येवोत. शेवाळ्यालाही कुणीतरी हिरवळ म्हणतंच.

मोमोलोने खरा उंबरा ओलांडला का, विचारता? ओलांडला. हिवाळ्यात मावशीला ताप आला तेव्हा तो कुणाला न विचारता आत गेला आणि शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसला.

आता माझं एवढं मागणं. रविवारी तारणहारापुढे मेणबत्ती लावाल तेव्हा आपल्या गेलेल्या माणसांच्या नावांमागे आणखी एक नाव घ्या. कातीना म्हणा. देवाला ओळख पटेल.